सडलं तर चालेल, दिलं तर खैर नाही

सरकारी महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, पंधरा-वीस संगणक एकावर एक रचून ठेवलेले असतात. जुने फुगीर मॉनिटर, पिवळे पडलेले कीबोर्ड, बॅटरी फुगलेले यूपीएस, आणि प्रत्येकाच्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं घातलेला जडसंग्रह (डेड स्टॉक) क्रमांक. पावसाची झड थेट आत येते. पारव्यांनी जागा केव्हाच आपली मानलेली असते. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्या ढिगाला भंगारच म्हणतात. आता समजा, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा संध्याकाळी त्यातलं एक कॅबिनेट उचलतो, स्कूटरवर पायाशी ठेवतो आणि घरी नेतो. त्याला ते दुरुस्त करून वापरायचं आहे. ही चोरी झाली का?

हा प्रश्न चारचौघांत टाकून पाहावा. एक जण म्हणतो, कसली चोरी, उलट जागा मोकळी करून दिली. दुसरा म्हणतो, सरकारी म्हणजे शेवटी आपल्याच पैशाचं. तिसरा जरा सावध असतो. तो म्हणतो, न्यायला हरकत नव्हती, पण विचारून न्यायला हवं होतं. विचारायचं कोणाला, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही चोरी आहे आणि ती चोरीच राहावी. पण त्या मुलाकडे बोट दाखवणाऱ्या कार्यालयानं त्याच मालाचं जे नुकसान केलेलं असतं, ते मुलानं केलेल्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठं असतं. आणि त्या नुकसानीचा हिशेब ना कायद्यात मांडला जातो, ना नियमांत, ना लेखापरीक्षणात.

आधी कायद्याचं बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम ३७८ होतं, ते आता ३०३ आहे. व्याख्या मात्र जुन्या संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळापासून फारशी हललेली नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूनं हलवली की चोरी झाली. यात वस्तू किमती असावी, चालू असावी, मालकाला हवी असावी, असं कुठेही म्हटलेलं नाही. ताबा आहे का, संमती आहे का आणि हेतू काय, एवढंच न्यायालय पाहतं.

ताब्याबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही. या कलमाखाली जी जुनी उदाहरणं दिलेली आहेत, त्यांत हमरस्त्यावर पडलेल्या अंगठीचं एक आहे. ती कोणाच्याच ताब्यात नसते, म्हणून उचलणाऱ्यानं चोरी केली असं होत नाही. अपहाराचा दोष मात्र लागू शकतो. जिन्याखालचा संगणक हमरस्त्यावर नाही. तो संस्थेच्या आवारात आहे, त्याच्यावर क्रमांक आहे आणि त्या क्रमांकासमोर नोंदवहीत एक ओळ आहे. ती ओळ काटली जात नाही तोवर तो संस्थेच्याच ताब्यात असतो, मग त्यावर पारवे बसोत की घुशी. भंगार होणं ही वस्तूची अवस्था नव्हे, तो कागदावरचा निर्णय आहे. त्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात.

हेतूच्या मुद्द्यावर मात्र बहुतेकांची गफलत होते. मी वापरायला नेलं, विकायला नाही, म्हणून मी अप्रामाणिक नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. कायद्यातला अप्रामाणिकपणा वेगळा आहे. कोणाला तरी गैरलाभ किंवा कोणाला तरी गैरहानी, यांतलं एक काहीही करण्याचा हेतू असला की पुरे. दोन्ही लागत नाहीत. शिवाय हानी कायमची असावी लागत नाही. प्यारेलाल भार्गव विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात अलवरच्या मुख्य अभियंता कार्यालयातल्या अधीक्षकानं एक फाइल बाहेर काढून दिवस-दोन दिवस मित्राकडे दिली होती. फाइल परत आली. तरीही सर्वोच्च न्यायालयानं ती चोरी मानली, कारण तेवढा काळ कार्यालय आपल्या वस्तूला मुकलं होतं. परत आलेल्या फाइलची ही कथा, तर कधीच परत न येणाऱ्या कॅबिनेटचं काय सांगावं.

शिक्षेत एक गमतीदार विसंगती आहे. नव्या संहितेत चोरीच्या सर्वसाधारण कलमाला एक सौम्य तरतूद जोडली आहे: माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवेवर भागतं. दहा-बारा वर्षं जुना संगणक या मर्यादेत आरामात बसतो. पण लगेच पुढे कलम ३०५ आहे. मालमत्ता सरकारची किंवा स्थानिक प्राधिकरणाची असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद. हे जुन्या संहितेत नव्हतं. म्हणजे खासगी शिकवणीच्या उघड्या अंगणातून उचललेल्या त्याच संगणकाला झाडलोट, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून उचललेल्याला सात वर्षांची टांगती तलवार. विद्यापीठ हे सरकार की स्वतंत्र वैधानिक संस्था, यावर वकील भांडत बसतील. जिल्हा परिषदेबद्दल तीही सोय नाही.

उरली संमती. इथे कायदा आपल्याला वाटतो त्याहून समजूतदार आहे. चोरीच्या कलमाखालच्या त्याच जुन्या उदाहरणांत एक मित्र मित्राच्या अनुपस्थितीत त्याच्या ग्रंथसंग्रहातून वाचायला पुस्तक नेतो. मित्राची मूक संमती असणारच, असं त्याला मनापासून वाटत असेल तर ती चोरी नाही. दुसऱ्या उदाहरणात घरधन्याची बायको दारावरच्या याचकाला नवऱ्याचे कपडे देऊन टाकते. तिला तसा अधिकार असावा, असं याचकाला वाटलं असेल, तर तोही चोर नाही. आता शिपाई म्हणाला, "ने की रे, तसंही कुजणारच आहे," आणि मुलानं भाबडेपणानं ते खरं मानलं, तर न्यायालय त्याच्याकडे याचकाच्या नजरेनं पाहू शकेल. मात्र जो मुलगा संध्याकाळची वेळ निवडतो आणि कुशीवरचा क्रमांक खरवडून काढतो, त्याला भाबडा म्हणायला कोणी तयार होणार नाही. देणाऱ्याची गत तर याहून वाईट. साहित्य ज्याच्या हवाली आहे असा प्रयोगशाळा साहाय्यक स्वतःच ते घरी नेतो, तेव्हा मामला चोरीचा राहत नाही, लोकसेवकानं केलेल्या फौजदारी न्यासभंगाचा होतो. त्याला दहा वर्षं किंवा जन्मठेपसुद्धा होऊ शकते. आपल्याकडे नेमकं उलटं मानलं जातं: बाहेरच्यानं नेलं तर चोर, आतल्यानं नेलं तर "साहेबांनी सांगितलं होतं".

टाकून दिलेल्या वस्तूवर मालकी उरते का, हाही एक जुना प्रश्न आहे. खासगी माणूस आपली वस्तू सोडून देऊ शकतो. फेकतो आणि विसरतो. सरकारी अधिकाऱ्याला तो अधिकार नाही, कारण वस्तू त्याची नाहीच. नियमाबाहेर जाऊन त्यानं ती उकिरड्यावर टाकली, तरी ते मालकीचं विसर्जन होत नाही, फार तर कर्तव्यात कसूर होते. गंमत म्हणजे आपल्या संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदानुसार बेवारस मालमत्ताही शेवटी राज्याकडेच जाते. सरकारनं टाकलेलं बेवारस झालं असं घटकाभर मानलं, तरी ते फिरून सरकारच्याच दारात येणार. जर्मनीत बव्हेरियातल्या दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कुलूपबंद डब्यातून टाकलेलं खाणं काढलं, तेव्हा त्यांना शिक्षा झाली आणि २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानंही ती मोडली नाही. दुकानाला ते नको होतं, पण ते अमुक एका यंत्रणेकडे जावं असं त्यानं ठरवलं होतं; ठरवणं हाच मालकीचा पुरावा झाला. आपल्या ई-कचरा नियमांखाली येणारी संस्थाही नेमकं असंच ठरवत असते.

आता तो लाडका मुद्दा: नुकसान कोणाचं झालं? माझ्या मते झालं, आणि ते दोन ठिकाणी झालं. उचलणारा अख्खा संगणक क्वचितच नेतो. तो झाकण उघडतो, रॅमच्या पट्ट्या, प्रोसेसर, हार्ड डिस्क काढतो आणि बाकीचं तिथंच ठेवतो. म्हणजे ज्याला चार पैसे येतील ते जातं आणि ज्याची विल्हेवाट लावायला उलट पैसे मोजावे लागतील ते उरतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. त्या मॉनिटरला आज कोणी हात लावत नाही. पाच जणांनी असं निवडून नेलं की लिलावात बोली लावायला कोणी फिरकत नाही आणि ढीग आणखी पाच वर्षं हलत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या एमआयटीच्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. १२९ डिस्क चालू निघाल्या आणि त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत लोकांची पत्रं, वैद्यकीय माहिती, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएममधली होती. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या डिस्कवर काय असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, गुणतक्ते, शिक्षकांची वेतनपत्रकं. मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात डोकावणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाईला पात्र ठरतं, आणि ते अप्रामाणिक हेतूनं केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथवर आलं की प्राचार्य मान डोलावतात. त्यांना आता विचारायला हवं, की रीतसर लिलावात गेलेल्या संगणकांच्या डिस्क पुसल्या होत्या का? बहुतेक ठिकाणी त्या भंगारवाल्याच्या टेम्पोत जशाच्या तशा चढतात. मुलानं नेलेल्या एका डिस्कपेक्षा त्या पन्नास डिस्क कितीतरी धोक्याच्या. पण पावती फाटली, चलन भरलं, शिक्का बसला, म्हणजे सगळं कायदेशीर.

म्हणूनच मला चोरीपेक्षा त्या जिन्याखालच्या वर्षांचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. बंद पडलेला संगणक खरोखर कशानं बंद पडतो, हे एकदा झाकण उघडून पाहावं. मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती संपली की तारीख-वेळ हरवते, सुरू होताना पडद्यावर इंग्रजीत तक्रार येते, आणि वर्गातले सर म्हणतात, गेला. नवी बॅटरी चहा-वड्याच्या किमतीत मिळते. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर दमटपणानं थर चढतो. संगणक नुसताच पिपाणी वाजवत राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला कोणताही कारागीर ती पट्टी काढतो, शाळेतल्या खोडरबरानं दात घासतो, फुंकर मारून पुन्हा बसवतो, आणि पडदा उजळतो. पंख्यात साठलेल्या धुळीचा गोळा काढला की गरम होऊन बंद पडणारा संगणक सरळ चालू लागतो. ढिगातले सगळे असे नसतात. फुगलेल्या कपॅसिटरचा मदरबोर्ड दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. पण ढिगात गेले त्या दिवशी त्यांतले कित्येक जिवंत असतात आणि निर्लेखन समिती येईपर्यंत खरोखर मरतात. त्यांना मारणारी झड, धूळ आणि उशीर असतो.

हा उशीर होतो कसा? कोणीच आळशी नसतं, तरी होतो. शाळेनं यादी करायची, प्रत्येक वस्तूचा जडसंग्रह क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत जुळवायची. दुरुस्ती परवडत नाही असा तांत्रिक दाखला आणायचा. समितीनं पाहणी करायची, वरच्या कार्यालयानं मान्यता द्यायची, हातची, म्हणजे किमान, किंमत ठरवायची, लिलाव करायचा, रक्कम चलनानं भरायची. यादीत लिहिलेला एक माउस प्रत्यक्षात सापडला नाही की यादी तिथंच अडते, कारण माउस कुठे गेला याचा खुलासा द्यायला कोणी तयार नसतं. दरम्यान मुख्याध्यापक बदलतात. नवे चार्ज घेताना २० संगणक मिळाले म्हणून सही करतात; प्रत्यक्ष १३ असतात, उरलेल्यांपैकी काहींचे नुसते डबे असतात. सही केली नाही तर आधीच्याला त्रास, केली तर आपल्याला. चांगला माणूस सही करतो आणि त्या खोलीला कुलूप घालतो. कुलूप घातलं की तिथं काय आहे, हे पुढच्या बदलीपर्यंत कोणी विचारत नाही.

पैसा कुठून आला यानंही गुंता वाढतो. केंद्राच्या अनुदानातून घेतलेली आणि रीतसर निरुपयोगी न ठरलेली मालमत्ता अनुदान मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून काढता येत नाही. ज्या योजनेतून संगणक आले ती योजना बंद पडलेली असते, अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि परवानगीचं पत्र कोणत्या टेबलावर पाठवायचं हेच ठरत नाही.

आणि याच्या मुळाशी भीती आहे. आपल्या लेखापरीक्षणाची रचना अशी, की वस्तू गेली तर आक्षेप येतो, वस्तू कुजली तर येत नाही. गेलेल्या संगणकाबद्दल "कोणाच्या आदेशानं" हा प्रश्न दहा वर्षांनीही उठू शकतो. पेन्शन अडू शकते. कुजलेल्या संगणकाबद्दल कोणीही विचारत नाही की चार वर्षांपूर्वी हा चालू होता, तेव्हा दिला का नाही. कार्यालयातला प्रत्येक अनुभवी कारकून हा धडा पहिल्या दोन वर्षांत शिकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही शिकलो असतो. म्हणून त्या मुलानं खरोखर "सर, हा नेऊ का" असं विचारलं असतं, तरी त्याला होकार देणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. कायदा संमती मागतो आणि संस्थेनं संमती देण्याची खिडकीच ठेवलेली नाही. अशा वेळी सज्जन मुलगा हात हलवत परत जातो आणि न विचारणाऱ्याला संगणक मिळतो. या व्यवस्थेचं यापेक्षा वाईट प्रगतिपुस्तक मला सुचत नाही.

विशेष म्हणजे नियम मुळात इतके मूर्ख नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वस्तू जादा, कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवता येते. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उर्वरित किंमत दोन लाखांहून अधिक असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव हवा. त्याखाली असेल तर पद्धत ठरवण्याची मोकळीक सक्षम अधिकाऱ्याला आहे, आणि ती ठरवताना माल साठून जागा अडू नये, किंमत घसरू नये, हे पाहावं असं नियमच म्हणतो. म्हणजे उशिरानं नुकसान होतं हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. प्रत्यक्षात मात्र सगळ्या यादीसमोर "निरुपयोगी" हा एकच शेरा पडतो, कारण चालू संगणक निरुपयोगी ठरवण्यात धोका कमी आणि चालू संगणक जादा म्हणून कोणाला देण्यात जास्त. राज्याचा कारभार मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि वेळोवेळच्या शासन निर्णयांवर चालतो. तिथला स्वभाव काही वेगळा नाही.

त्यात ई-कचऱ्याच्या नियमांनी एक नकळत अडचण केली. हेतू चांगला होता. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत सर्किट बोर्ड आम्लात बुडवून धातू काढणाऱ्या मुलांचं आयुष्य पाहता नियम कडक असायलाच हवेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वर्षात हजार किंवा अधिक उपकरणं वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकानं आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा. गावातली दहा संगणकांची शाळा या व्याख्येत येत नाही, विद्यापीठ येतं. पण कार्यालयांनी यातून सोपा अर्थ काढला: संगणक म्हणजे ई-कचरा, ई-कचरा म्हणजे नोंदणीकृत कंपनी, आणि कंपनी म्हणजे सगळ्याचा एकच लॉट. त्या लॉटमध्ये २०१६ चा धडधाकट संगणक आणि २००४ चा पिक्चर ट्यूबचा मॉनिटर एकाच वजनकाट्यावर चढतात. ज्या शिक्षकाला दोनच संगणक हवेत त्याला बोली लावता येत नाही. नियम मात्र टाकून दिलेल्या उपकरणाबद्दल बोलतो. जे अजून वापरण्याजोगं आहे आणि दुसऱ्याला वापरायला द्यायचं आहे, ते कचरा नव्हेच. ही रेघ कोणी ओढायची हाच प्रश्न आहे, आणि ती निर्लेखनाच्या वेळी ओढली नाही तर पुढे कधीच ओढली जात नाही.

हे सगळं आत्ताच बोलायचं कारण एक तारीख आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित पाठबळ संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे देशभरच्या कार्यालयांत, बँकांत, महाविद्यालयांत उत्तम चालणारे असंख्य संगणक कागदावर एका रात्रीत म्हातारे झाले. त्यांच्यावर लिनक्स विनासायास चालतं. केरळनं सरकारी शाळांसाठी हा मार्ग वीस वर्षांपूर्वीच धरला. तिथली काईट ही संस्था उबुंटूवर बेतलेली प्रणाली शाळांना पुरवते. आपल्याकडे हेच संगणक येत्या दोन-तीन वर्षांत जिन्याखाली जातील, आणि मग पारवे येतील.

बाहेर हे प्रश्न सुटलेले आहेत. कॅनडानं १९९३ मध्ये सरकारचे व कंपन्यांचे वापरून झालेले संगणक दुरुस्त करून शाळांना देणारा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेत १९९६ साली क्लिंटन यांनी १२९९९ क्रमांकाचा आदेश काढून केंद्रीय खात्यांना त्यांचे जादा संगणक थेट शाळांना देण्याची वाट करून दिली. तिथं मुलांनी चोरून नेणं थांबलं असं मी म्हणत नाही. पण विचारायचं कोणाला, या प्रश्नाला उत्तर आहे.

यावरचा सगळ्यात खणखणीत आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो काढणाऱ्याला मी खुळा म्हणणार नाही. देण्याची मुभा दिली की चांगले संगणक जादा ठरतील आणि साहेबांच्या भाच्याकडे जातील. आपल्याकडे हे होणारच. लिलावाचा नियम याच अनुभवातून आलेला आहे. पण भाचा लिलावानं थांबलेला नाही. तो आता बोली लावतो, किंवा बोली लावणाऱ्याचा भागीदार असतो. त्याला थांबवते ती जाहीर यादी. पन्नास संगणकांचा लॉट अशी एक ओळ न छापता प्रत्येक संगणकाचं वर्ष, प्रोसेसर, चालू की बंद, दुरुस्तीचा अंदाज आणि तो शेवटी कोणाला गेला हे संकेतस्थळावर आणि फलकावर लागलं, तर शेजारची शाळाच तक्रार करेल. दोन लाखांखालच्या मालाला केंद्रीय संस्थांत यासाठी नवा कायदाही नको. अधिकार आजच हातात आहे. राज्यासाठी एक शासन निर्णय लागेल. त्यात मुदत असावी: वापरातून काढलेल्या संगणकावर साठ दिवसांत निर्णय, आणि झाला नाही तर आक्षेप निर्णय न घेणाऱ्यावर. डिस्क संस्थेनंच काढून नष्ट करावी किंवा पुसून तसा दाखला द्यावा. पहिला हक्क दुसऱ्या सार्वजनिक शाळेचा, मग ग्रंथालयाचा, मग संस्थेच्याच विद्यार्थ्यांचा, ठरलेल्या अल्प किमतीला. कोणालाच नको ते नोंदणीकृत कंपनीकडे.

टाकाऊ वस्तूवर कोणाचा तरी हक्क रीतसर मान्य करता येतो, हे पुण्यानं दाखवलेलं आहे. १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे निघालेली स्वच्छ ही सहकारी संस्था यांनी महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायका त्यातलं भंगार विकून ते पैसे स्वतःकडे ठेवतात, आणि ते चोरून नव्हे. ओळखपत्र लावून, करारानुसार. त्याआधी त्याच बायका त्याच कागद-काचेसाठी चोर म्हणून हटकल्या जात होत्या. कचरा तोच राहिला, बदलली ती त्यांची कायद्यातली जागा.

तोवर ज्याला खरोखर संगणक हवा आहे त्यानं काय करावं? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रतीला पानामागे २ रुपये. संगणकांच्या जडसंग्रह नोंदवहीची प्रत मागावी, निर्लेखन समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारावं, आणि पुढची कधी आहे तेही. मग लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. संगणक मिळेलच असं नाही. पण नोंदवही एकदा बाहेर आली, की कुलूप लावून बसलेल्या मुख्याध्यापकालाही वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवायला कागद मिळतो, आणि त्यांच्यातल्या अनेकांना तेवढाच हवा असतो.

एक गाठ मात्र माझ्याकडूनही सुटलेली नाही. दिलेला संगणक आणखी पाच वर्षं चालेल आणि मग खरोखर मरेल. तेव्हा तो एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत किंवा विद्यार्थ्याच्या घरी असेल, आणि तिथून तो ओढ्यात जाईल की जाळला जाईल हे पाहायला कोणी नसेल. म्हणजे मोठ्या संस्थेनं आपला ई-कचरा छोट्यांच्या अंगणात ढकलला असं होईल. देणाऱ्या संस्थेनंच मेलेला संगणक परत घेण्याची हमी द्यावी, वाहतुकीचा खर्च तिनं उचलावा, आणि ती नोंद तिच्या जडसंग्रहात दिलेल्या तारखेसमोर उघडीच राहावी, असा एक मार्ग दिसतो. पण त्याचा अर्थ नोंदवहीतली ओळ काटायला आणखी पाच वर्षं थांबणं, आणि ते कोणता लेखापरीक्षक चालवून घेईल?